पासष्टाव्या पानावरचं दीपगृह

आमच्या घरात कुणी थाप मारली की बाकीचे म्हणतात, "दूध उतू गेलं." बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. लग्न ठरल्यावर माझा नवरा पहिल्यांदा आमच्याकडे आला आणि प्रवासात मुळीच त्रास झाला नाही म्हणाला, तेव्हा माझा भाऊ खालमानेने "दूध उतू गेलं" म्हणाला. हा बिचारा उठून थेट स्वयंपाकघरात धावला. गॅसवर काहीच नव्हतं. परत येऊन बसल्यावर त्याने मला हळूच विचारलं, की तुमच्याकडे सगळे बरे आहेत ना?

या दुधाचं मूळ माझी मावशी. आईची धाकटी बहीण, वय बहात्तर, बिनलग्नाची, अंगाने सडपातळ, आणि हट्टाच्या बाबतीत विचारायची सोय नाही.

मावशीने अडतीस वर्षं छापखान्यात काढली. पण यंत्रांकडे नाही. मागच्या लांब खोलीत, जिथे छापलेल्या कागदांची पुस्तकं होतात तिथे. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात. त्या कागदाच्या घड्या घातल्या की तयार होतो तो फर्मा. शहाण्णव पानांचं पुस्तक म्हणजे सहा फर्मे. लांब टेबलावर सहा फर्म्यांचे सहा ढीग ओळीने मांडलेले असत. टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक ढिगातला एकेक उचलत जायचं, की टोकाला पोचेपर्यंत हातात एक पुस्तक. मग शिवण, मग कव्हर. ऐकायला सोपं वाटतं. दिवसातून पाचशे वेळा करून बघा.

चूक होऊ नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली कोपऱ्यात बारीक आकडा छापलेला असतो. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. पुस्तक जुळवून झालं की कोपरे अंगठ्याने सरकवत आकडे बघायचे. मावशीचा अंगठा इतका तयार होता, की एक ते सहा म्हणायला तिला श्वासही घ्यावा लागत नसे. निवृत्त होताना मालकांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याच्या तबकडीखाली पितळी पट्टीवर कोरलेलं आहे: "अडतीस वर्षांच्या निर्दोष सेवेबद्दल." हे घड्याळ सात मिनिटं पुढे असतं. मावशीला ते मान्य नाही. तिच्या मते घड्याळ बरोबर आहे, बाकीचे सगळे उशिरा उठतात.

तर हिच्या हातून एकोणपन्नास वर्षांपूर्वी काय झालं ते ऐका.

तेव्हा मावशी तेवीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलेलं होतं. स्थळ माझ्या आईनेच आणलं होतं, आईचा चुलत दीर. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत बायका आपापल्या ढिगातलं शिवलेलं, पण अजून कव्हर न चढलेलं पुस्तक काढून वाचत. दुसरीच्या ढिगाला हात लावायचा नाही, असा कडक नियम होता, कारण एकदा कुणीतरी तेलकट बोटं लावली होती आणि त्यावरून दोघी सहा महिने बोलत नव्हत्या. मावशीने आपल्या ढिगातली एक कादंबरी घेतली आणि तीन सुट्ट्यांत वाचून परत ढिगात ठेवली. त्या तीन सुट्ट्यांनी तिचं आयुष्य बदललं, असं ती म्हणते. आई म्हणते, वाट लावली.

कादंबरीत एक सून होती. लेखकाने तिला नाव दिलेलं नाही, नुसतं 'ती'. घरात सासू, नवरा, दोन दीर, आणि प्रत्येक जण तिला प्रश्न विचारणार. कुठे होतीस, का उशीर झाला, कुणाशी बोलत होतीस, हसलीस कशाला. चौसष्ट पानं हेच. मग एका दुपारी ती उठते, दाराची कडी काढते आणि निघून जाते. एका दीपगृहावर पोचते. एकशे बारा पायऱ्या चढते. तिथे एक म्हातारा खलाशी आहे, एक कानतुटकी मांजर आहे. ती दिव्याची काच पुसते. वादळ येतं. पुढे बरंच काही होतं, ते मावशीला नीटसं आठवत नाही. आणि मग ती घरी परत येते. सासू दारातच उभी. सासू म्हणते, "आलीस? चहा टाक."

बस्स. कुणी काही विचारत नाही. चौसष्ट पानं छळणारी माणसं गप्प! शेवटपर्यंत त्या घरात दीपगृहाचा द काढत नाहीत.

मावशी सांगते, की ते वाचून तिला रात्रभर झोप लागली नाही. आमच्या आजोबांच्या घरात नळावर पाणी भरायला गेलेल्या मुलीलासुद्धा जाताना एकदा आणि येताना दोनदा जबाब द्यावा लागे. आपल्याकडे एक तरी गोष्ट अशी असावी, की जी कुणी विचारणार नाही, एवढंच तिला हवं होतं. आठवड्याने ती उठली आणि निघून गेली. गोष्टीतल्या बाईने चिठ्ठी ठेवली नव्हती, म्हणून हिनेही ठेवली नाही. एसटी बदलत बदलत दीड दिवसावरचं एक दीपगृह गाठलं आणि नऊ दिवसांनी परत आली.

दारात आजोबा, आजी, मावशीचे दोन काका, शेजारचे तिघे आणि एक पोलीस उभे होते. चहा टाक, असं एकही म्हणाला नाही.

का गेलीस आणि कुणाबरोबर गेलीस, हे दोन प्रश्न तिला त्या दिवशी किती वेळा विचारले गेले याची गणती नाही. मावशी म्हणाली, "पुस्तकात वाचलं म्हणून गेले." पुस्तकाचं नाव तिला पाठ होतं. आजोबांनी दुसऱ्या दिवशी वाचनालयातून ते पुस्तक आणलं, सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. चौसष्टाव्या पानाचं शेवटचं वाक्य होतं, "तिने दाराची कडी काढली आणि". आजोबांनी पान उलटलं.

"पुन्हा लावली," आजोबांनी वाचलं. "दूध उतू गेलं होतं."

पुढे दूध पुसण्यात दीड पान गेलं होतं. नंतर ती बाई शेजारणीकडे छत्री परत द्यायला जाते. परत येते तेव्हा सासू दारात उभी असते आणि म्हणते, "आलीस? चहा टाक." दीपगृह नाही, पायऱ्या नाहीत, मांजरही नाही. कादंबरीतल्या बाईचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे ती शेजारीण.

लग्न तर ती गेल्याच्या चौथ्याच दिवशी मोडलं होतं. आता मावशीवर थापाडी म्हणून शिक्का बसला. सगळ्यात जास्त भोगलं ते माझ्या आईने. मोडलेलं स्थळ तिच्या सासरचं होतं आणि तिला त्याच घरात राहायचं होतं. जावांनी, नणंदांनी तिला वर्षानुवर्षं बहिणीवरून टोमणे मारले. मी तेव्हा दोन वर्षांची होते, पण पुढचे टोमणे मीही ऐकलेत. आईचा राग खोटा नाही. "पळून गेली याचं मला काही नाही," आई म्हणते. "पण माझ्या तोंडावर खोटं बोलली. मला तरी खरं सांगायचं होतं."

मावशीने स्वतःची समजूत घातली ती अशी: लेखकाने कच खाल्ली. आधी त्याने दीपगृह लिहिलं, मग कुणाला तरी घाबरून पुढच्या छपाईत काढून टाकलं. तिने लेखकाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर अजून तिच्या कपाटात आहे. "आपण म्हणता तसे काही मी लिहिलेले नाही. माझी नायिका शेजारणीच्या पलीकडे कुठेही जात नाही. मला स्वतःला उंचीची भीती वाटते." मावशीने ते वाचून मान हलवली. "बघ, कसा घाबरलाय," ती म्हणाली.

तेव्हापासून मावशी ती पहिली प्रत शोधते आहे. जुन्या पुस्तकांची दुकानं, रद्दीची गोदामं, वाचनालयांनी काढून टाकलेले गठ्ठे. पुस्तक दिसलं की पहिलं पान बघायचं नाही, शेवटचं बघायचं नाही, थेट पासष्टावं उघडायचं. दूध उतू गेलेलं दिसलं की तोंड वाकडं करायचं. आणि तरी घ्यायचं, कारण "आतली शाई बदललेली असू शकते," म्हणजे काय ते तिलाच ठाऊक. तिच्या घरात त्या एकाच कादंबरीच्या तेवीस प्रती आहेत. एक कपाटाच्या पायाखाली आहे, दोन खिडकी आपटू नये म्हणून लावलेल्या आहेत. पाहुणा आला की त्याला एक मिळते. कुणी कधी दुसरी मागायला आलेलं नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळ्यांसमोरचं न दिसणारी माणसं मला नवी नाहीत. पण मलाही काही दिसलं नाही, हे आधीच कबूल करते.

मावशी दर गुरुवारी चार वाजता आईकडे येते, म्हणजे चारला सात कमी असताना. ती स्वतः चहा करते, कारण आईचे गुडघे दुखतात. आई पहिला घोट घेते आणि विचारते, "हा चहा आहे की पाणी?" पुढच्या गुरुवारी मावशी पत्ती जास्त टाकते. मग आई म्हणते, "काढा केलास का?" चहा झाला की दीपगृह. एकमेकींना शेवटचं बोलू द्यायचं नाही, असं दोघींचं व्रत आहे. मी मध्ये बसते आणि बिस्किटं खाते.

या वर्षी मात्र ठरलं, की आई कायमची माझ्या भावाकडे जाणार. भाऊ विमानाने जायच्या लांबच्या देशात असतो. तिकीट आलं. त्या गुरुवारी मावशी भांडली नाही. निघताना जिन्यात मला म्हणाली, "तुझी आई विमानात बसायच्या आत मला ते पान पाहिजे. तिथून ती परत येते का मी तिथे जाते? थापाडी म्हणूनच लक्षात राहीन मी तिच्या."

"मावशी, एकोणपन्नास वर्षं झाली. तिचा राग कधीच गेलाय गं."

"राग गेलाय. खात्री नाही गेली."



दोनच दिवसांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराचा फोन आला. हा माणूस मावशीला तीस वर्षं ओळखतो. "तुमच्या मावशींची कादंबरी आलीय," तो मला म्हणाला, "पण त्यांना म्हणावं, पासष्टावं पान इथेच बघा. मागच्या खेपेला घरी नेऊन मला फोनवर दीड तास बोलल्या."

आम्ही गेलो. दुकान म्हणजे एक अरुंद बोळ आहे, दोन्ही बाजूंना छतापर्यंत पुस्तकं आणि मध्ये शिडी. दुकानदार शिडीवर चढला, मावशी शिडी धरून खालून सूचना देऊ लागली. मी एका ढिगावर टेकले. हाताशी एक फाटकं पुस्तक होतं, मुखपृष्ठावर एक बोट आणि शाईचा डाग. वेळ घालवायला म्हणून उघडलं. मधलंच कुठलं तरी पान निघालं. त्यावर लिहिलं होतं, की कानतुटक्या मांजरीने तिच्या पायाला अंग घासलं.

मी पान मागे उलटलं. "ती पायऱ्या चढू लागली. एकशे बारा पायऱ्या आहेत, खलाशी खालून ओरडला."

पान पासष्ट.

पहिल्यांदा मला इतका आनंद झाला, की मी ओरडणारच होते. तेवढ्यात त्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात बारीक पाच दिसला. लहानपणी मावशीने मला जुन्या कागदांवर फर्म्याच्या घड्या घालायला शिकवलं होतं, तेव्हापासून मी ते आकडे ओळखते. मी पहिलं पान उघडलं. छापखाना मावशीचाच. वर्ष तेच, महिना तोच. हे दुसरंच पुस्तक होतं, दुसऱ्याच लेखकाचं, एका बाईची समुद्रावरची कहाणी. आणि याच्याही नायिकेला नाव नव्हतं. लेखकांना तेव्हा तीच हौस असावी.

लांब टेबलावर एकाच महिन्यात दोन पुस्तकांचे ढीग. शेजारी शेजारी. दोन्हींवर पाच आकडा.

मावशीकडे बघितलं तर ती शिडीखाली उभी राहून दुकानदाराला डावीकडचं उजवीकडे ठेवायला सांगत होती. पुस्तक मिटून ढिगात खाली कुठेतरी खुपसावं आणि आपण काही वाचलंच नाही असं करावं, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. थापाडी असणं तिला एकोणपन्नास वर्षं अंगवळणी पडलं होतं. स्वतःच्या हातून फर्मा चुकला, हे कसं पडणार?

"काय झालं गं?" मावशी म्हणाली. "तोंड का असं केलंस?"

मी पुस्तक तिच्या हातात दिलं.

तिने पासष्टावं पान वाचलं. सहासष्टावं वाचलं. तिचा चेहरा इतका उजळला, की शिडीवरचा दुकानदारही बघत राहिला. "हेच!" ती म्हणाली. "हीच मांजर! अगं, हीच ती काच! बघ, मी सांगत नव्हते?" मग तिने वरच्या दुकानदाराकडे हात केला. "ते दुसरं द्या इकडे." कादंबरी खाली आली. मावशीने दोन्ही पुस्तकं गल्ल्यावर शेजारी उघडून ठेवली आणि बोट लावून वाचलं. कादंबरीचं चौसष्टावं: तिने दाराची कडी काढली आणि. या पुस्तकाचं पासष्टावं: ती पायऱ्या चढू लागली. मग या पुस्तकाचं ऐंशीवं पान, तळाचं वाक्य: समुद्राकडे पाठ करून ती घरापाशी पोचली तेव्हा. कादंबरीचं एक्क्याऐंशीवं: सासू दारातच उभी होती. "आलीस? चहा टाक."

कुठे सांधा दिसत नव्हता. मावशीचा अंगठा आपोआप पानाच्या कोपऱ्यात गेला आणि पाचवर थांबला. मग दुसऱ्या पुस्तकातल्या पाचवर गेला.

ती स्टुलावर बसली. दुकानदाराने पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

"जाडी," ती म्हणाली.

"कोण जाडी?"

"माझ्या उजव्या हाताला बसायची. तिचे ढीग सारखे माझ्या टेबलावर सरकायचे. शंभरदा सांगितलं होतं तिला. जाडीचंच काम हे."

मी मान डोलावली. तिला जाडी हवी असेल तर जाडी. मला त्या न बघितलेल्या बाईवर सगळं ढकलायला काहीच वाटत नव्हतं. दुकानदारानेही "असतात अशी माणसं" म्हणून घेतलं.

मावशी पाणी प्यायली. ग्लास खाली ठेवला. "जाडी त्या आठवड्यात रजेवर होती," ती म्हणाली. "आणि पुस्तक माझ्या ढिगातलं होतं."

दोन्ही पुस्तकं घेऊन आम्ही घरी आलो. वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मी जन्मात पहिल्यांदा तिला गप्प बघत होते, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पुढच्या गुरुवारी मावशी आलीच नाही. आई चार वाजल्यापासून दाराकडे बघत होती. साडेचारला म्हणाली, "घड्याळ बंद पडलं असेल तिचं." पाचला म्हणाली, "आता शेवटी शेवटी तरी यायचं होतं." सहाला तिने स्वतःच चहा केला, एक घोट घेतला आणि तसाच ठेवून दिला. मी तोंड उघडलं नाही. सांगायचं तर मावशीने सांगावं, आणि नाही सांगितलं तरी तो तिचा प्रश्न, असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं खरं, पण दर तासाला माझं मत बदलत होतं.

मी मावशीकडे गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. घड्याळ काढून तिने टेबलावर उपडं ठेवलं होतं. भिंतीवर त्या जागी गोल, फिकट डाग दिसत होता.

"मालकांनी ते सगळ्यांच्या समोर दिलं," ती म्हणाली. "भाषण केलं होतं. या बाईच्या हातून एक फर्मा चुकला नाही, म्हणाले. टाळ्या झाल्या. जाडी रडली होती."

"एकच तर चुकला मावशी. लाखो पुस्तकं केलीस तू."

"एक सापडला म्हणून एक. माझ्या अंगठ्याने नुसते आकडे बघितलेत आयुष्यभर. पाच दिसला की पाच. तो कुठल्या पुस्तकातला पाच आहे, हे कधी बघितलं मी?" "आणि मी त्या बिचाऱ्या लेखकाला भित्रा म्हटलं. उंचीला घाबरतो म्हणून हसले. माणूस खरं लिहीत होता."

मग मला तिथेच सांगावं लागलं, की आईचं विमान येत्या रविवारी आहे. तिला ते माहीतच होतं.

शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. आईच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि आई स्वेटर एका बॅगेतून काढून दुसऱ्या बॅगेत घालत होती. मावशी आत आली. खांद्याची पिशवी तिने काढली नाही. त्याच पिशवीतून दोन पुस्तकं काढून आईच्या पुढ्यात ठेवली, आणि त्यांच्यावर ते घड्याळ.

"ताई, हे वाच. खुणा घातल्यात तशा क्रमाने वाच. थाप मी मारली नव्हती आणि फर्मा मी चुकवला होता. दोन्ही एकदमच ऐक, कारण एक सोडून दुसरं सांगता येत नाही. प्रयत्न केला मी चार दिवस."

आईने घड्याळ बाजूला सारलं. चष्मा मागितला. हा नाही, तो दुसरा. अक्षर किती बारीक आहे म्हणून कुरकुर केली. मग वाचायला लागली. आई वाचताना ओठ हलवते, त्यामुळे कुठपर्यंत आली ते कळत होतं. कडी काढली. पायऱ्या चढली. एकशे बारा. इथे आईने एकदा मान वर करून मावशीकडे बघितलं आणि परत खाली घातली. ती पायऱ्यांची संख्या आईने एकोणपन्नास वर्षं ऐकली होती, त्यावरून चिडवलंही होतं. पुढे मांजर आली. आईचे ओठ हलायचे थांबले, पण डोळे चालत राहिले. वादळ आलं, ते मावशीला आठवत होतं त्यापेक्षा लहान निघालं. ऐंशीवं पान संपलं. आईने सावकाश दुसरं पुस्तक ओढलं आणि एक्क्याऐंशीवं पान उघडलं.

ते वाचून झाल्यावरही ती बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मावशी उभीच होती, दाराशी, खांद्याला पिशवी. तेवीस वर्षांची असताना ती आजोबांच्या दारात अशीच उभी राहिली असणार. मी कारण नसताना एक स्वेटर घडी करायला घेतला.

आईने घड्याळ उचललं. पितळी पट्टी वाचली. "हे घरी नेऊन परत भिंतीला लाव," ती म्हणाली. "आधीच पुढे धावतंय, त्याला आणखी कशाला त्रास."

मग तिने पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि मावशीकडे नीट बघितलं.

"आलीस?" आई म्हणाली. "चहा टाक."

मावशीने पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्याचा आवाज आला, मग नळाचा. नळ फारच वेळ चालू राहिला. आम्ही दोघी बाहेर बसून राहिलो. आई दाराकडे बघत अगदी हळू आवाजात मला म्हणाली, "नऊ दिवस तिथे केलं काय हिने, हे मला अजून विचारायचंय." आणि ओठ घट्ट मिटून घेतले. असं करताना तिला किती कष्ट पडत होते, ते दिसत होतं.

मावशी तीन कप घेऊन आली. डोळे लाल, नाक लाल. चहा इतका उकळला होता, की त्याचा रंग बघूनच मी माझा कप लांब सरकवला. मावशीने आईला कप दिला आणि नेहमीच्या सवयीने समोर बसून वाट बघू लागली.

आईने पहिला घोट घेतला. मग दुसरा. एक शब्द न बोलता तिने तो सगळा चहा संपवला.